जुना ब्लूज नव्या माणसाला ऐकवायचाय? मग उलटीकडून सुरुवात करा

माझ्या भाच्याला पहिल्यांदा ब्लूज ऐकवला तेव्हा मी पार वाट लावली होती. पोरगं विशीतलं, नुकतीच गिटार हातात घेतलेली, आणि एका दिवाळीत सहज म्हणालं की मामा, ते रॉकवाले सगळे सांगत असतात ना आमचं मूळ ब्लूजमध्ये आहे, तर त्यातलं नेमकं काय ऐकू? झालं. मी रात्रभर बसून बेचाळीस गाण्यांची प्लेलिस्ट बनवली, तीही सनावळीप्रमाणे, १९२० पासून पुढे, शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकासारखी. आठवड्याने विचारलं तर म्हणे, "ऐकली रे पाच-सहा, पण सगळी एकच गाणं वाटतात, आणि मागे कोणीतरी सतत भजी तळतंय." त्यानंतर दोन वर्षं त्याने माझ्यासमोर ब्लूजचं नाव काढलं नाही.

आता वाटतं पोरगं सोळा आणे खरं बोलत होतं. नव्या कानाला ती गाणी खरंच एकसारखी वाटतात आणि मागे खरंच भजी तळली जातात. त्यानंतर मी बऱ्याच जणांना ऐकवलं, मित्रांना, ऑफिसातल्या दोघांना, सोसायटीतल्या एका रिटायर्ड काकांना आणि चक्क आईला, आणि चुका करत करत एक पद्धत बसलीय. नव्याकडून जुन्याकडे जायचं, म्हणजे स्वच्छ आवाजापासून खरखरीकडे. एका बैठकीत तीन गाणी, फार तर चार, पुढचं मागितलं तरी देऊ नका. आणि गाणं चालू असताना आपलं तोंड बंद, हे सगळ्यात अवघड, कारण आपल्याला सगळं माहीत असतं ना आणि ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आधी किती सांगायचं

दोन मिनिटांत संपेल एवढंच. अमेरिकेच्या दक्षिणेत गुलामगिरी कायद्याने संपली तरी काळ्या लोकांच्या नशिबी दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्याने कापूस पिकवणं, नदीचे बांध घालणं, रेल्वेचे रूळ टाकणं हेच राहिलं, आणि तिथल्या शेतातल्या हाका, कामाची गाणी, चर्चमधली गाणी असं सगळं मिसळून एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शेवटी हा प्रकार तयार झाला. डब्ल्यू. सी. हँडी नावाचा एक शिकलेला बँडमास्टर १९०३ च्या आसपास मिसिसिपीतल्या टटवायलर स्टेशनवर लेट झालेल्या गाडीची वाट बघता बघता झोपला, जाग आली तर शेजारी एक फाटक्या कपड्यांतला माणूस गिटारच्या तारांवर सुरी दाबून वाजवत होता आणि एकच ओळ तीनदा गात होता, दोन रेल्वेलाइनी एकमेकींना छेदतात त्या जागी जाण्याबद्दल. त्याच हँडीने १९१४ ला 'सेंट लुईस ब्लूज' छापलं. मग १० ऑगस्ट १९२० ला मेमी स्मिथने न्यूयॉर्कमध्ये 'क्रेझी ब्लूज' रेकॉर्ड केलं, ते धडाधड खपलं, आणि तबकडी कंपन्यांना साक्षात्कार झाला की काळे लोकही पैसे देऊन तबकड्या घेतात. बस, इथे थांबा. यापुढचं सगळं गाण्यांच्या नंतर, आणि विचारलं तरच.

पायरी १: माणूस बघून गाणं निवडा

सगळ्यांना एकच पहिलं गाणं चालत नाही. माझ्या हिशोबाने तीन प्रकारचे लोक असतात.

पहिला रॉक ऐकणारा. याचं काम सोपं आहे, त्याच्या ओळखीच्या गाण्याचा हात धरून मागे जायचं. लेड झेपलिनचं १९७१ चं 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स' त्याला पाठ असतं, ते ऐकवा आणि लगेच मेम्फिस मिनी आणि कान्सस जो यांचं १९२९ चं मूळ लावा, दोन गिटारी आणि एक आवाज, आवाज जोचा आहे आणि गिटारीतलं नक्षीकाम मिनीचं. क्रीमचं 'क्रॉसरोड्स' माहीत असेल तर ते मूळ गाणारा रॉबर्ट जॉन्सन. निर्वाणाने एमटीव्हीच्या 'अनप्लग्ड' कार्यक्रमाच्या शेवटी गळा फाटेस्तोवर गायलेलं 'व्हेअर डिड यू स्लीप लास्ट नाइट' आवडत असेल तर लेड बेली, बारा तारांची गिटार घेऊन गाणारा लुइझियानाचा कैदी, ज्याला १९३३ मध्ये लोकगीतं गोळा करणाऱ्या लोमॅक्स बापलेकांनी अँगोला तुरुंगात जाऊन रेकॉर्ड केलं. (ते गाणं मुळात डोंगराळ भागातलं लोकगीत आहे, काटेकोर अर्थाने ब्लूज नाही, पण दार उघडतंय ना, मग वाद नको.) आणि एल्विसचं 'हाउंड डॉग' असेल तर बिग मामा थॉर्नटनचं मूळ ऐकवाच, १९५२ साली रेकॉर्ड झालेलं, कारण तिथे ती बाई एका फुकट्या पुरुषाला झाडून घराबाहेर काढतेय आणि एल्विसपर्यंत येईतो त्याचा खराखुरा ससे न पकडणारा कुत्रा झालाय. हे कळलं की समोरचा हसतो आणि हसला म्हणजे अर्धं काम झालं. फक्त एक करा, दोन्ही गाणी एकाच बैठकीत, पाठोपाठ. "घरी जाऊन ऐक" म्हटलं की संपलं, कोणी ऐकत नाही.

दुसरा प्रकार शास्त्रीय किंवा नाट्यसंगीत ऐकणारा, आणि हा माणूस ब्लूजच्या सगळ्यात जवळचा असतो असं माझं मत आहे, त्याला स्वतःला पत्ता नसतो इतकंच. आईचंच सांगतो. सत्तरी ओलांडलेली, इंग्रजी गाणं लागलं की "तो गोंगाट बंद कर आधी". एका रविवारी ती मटार सोलत बसली होती, मी काही न बोलता बेसी स्मिथचं 'सेंट लुईस ब्लूज' लावलं, १४ जानेवारी १९२५ चं. माइकच्या आधीचं रेकॉर्डिंग, भोंग्यासमोर उभं राहून गायलेलं, आणि त्यात फक्त तीन माणसं आहेत: बेसी, कॉर्नेटवर तेविशीचा लुई आर्मस्ट्राँग, आणि फ्रेड लाँगशॉ नावाचा माणूस हार्मोनियमवर. हो, हार्मोनियम, पायाने भाता मारायची. दुसऱ्या ओळीला आईचा हात शेंगेवरच थांबला. "पेटी आहे का रे ही?" मी नुसती मान हलवली. थोडं ऐकून म्हणाली, "आमच्या अण्णांकडे बालगंधर्वांच्या तबकड्या होत्या, त्यात मागे ऑर्गन असायचा, अस्साच." खरखरीबद्दल एक अवाक्षर नाही, कारण तिचे कान त्याच खरखरीत तयार झालेत. बेसी ओळ संपवून थांबते आणि आर्मस्ट्राँग तेवढ्या जागेत उत्तर देतो, प्रत्येक वेळी वेगळं, तिथे आईने दोनदा "वा" म्हटलं, आणि गाणं संपल्यावर विचारलं, "हिचा नवरा सोडून गेलाय का?" इंग्रजीचा एक शब्द कळला नव्हता तिला. गाणं त्याबद्दलच आहे, हिच्या माणसाला सेंट लुईसच्या एका हिऱ्याच्या अंगठ्यावालीने ओढून नेलंय. मग म्हणाली परत लाव, आणि मटार राहिले तसेच.

तिसरा प्रकार म्हणजे ज्याला गाण्याचं विशेष वेड नाही, गाडीत जे लागेल ते ऐकतो. त्याच्यासाठी मिसिसिपी जॉन हर्ट. हा माणूस ओरडत नाही, रडत नाही, ओट्यावर बसलेला आजोबा नातवाला गोष्ट सांगतोय असा गातो, अंगठ्याने खालच्या तारांवर ठेका आणि बाकीच्या बोटांनी वर चाल, एकटाच दोन माणसांचं काम करतो. आणि त्याची गोष्ट तर हमखास चालते. १९२८ मध्ये थोडी गाणी रेकॉर्ड केली, खपली नाहीत, मंदी आली, गडी परत शेतमजुरीला. पस्तीस वर्षं. त्यातल्या 'अव्हेलॉन ब्लूज' गाण्यात त्याने आपल्या गावाचं नाव घेतलं होतं, नव्या नकाशात ते गाव सापडेना, शेवटी जुन्या नकाशात सापडलं आणि टॉम हॉस्किन्स नावाचा एक तरुण १९६३ मध्ये तिथे जाऊन थडकला, तर हर्ट जिवंत, आणि तसाच गाणारा. त्याच वर्षी न्यूपोर्टच्या महोत्सवात गायला, आणि १९६६ ला गेला. नव्या माणसाला त्याची ही साठच्या दशकातली रेकॉर्डिंग ऐकवा, आवाज स्वच्छ आहे, आणि तीच गाणी १९२८ ची नंतर कधीतरी.

पायरी २: बोटांच्या पेरांवर बारा मोजायला शिकवा

"सगळी एकच गाणं वाटतात" यावर हा एकच उपाय आहे, आणि पाच मिनिटांचा आहे. साचा एकदा हाताला कळला की मग कान साच्यात काय बदलतंय तिकडे जातो, जसं ताल माहीत असला की आपण मात्रा मोजत बसत नाही, गाणं ऐकतो.

गाणं घ्या बेसी स्मिथचंच 'बॅकवॉटर ब्लूज', १९२७ चं, सोबत फक्त जेम्स पी. जॉन्सनचा पियानो. लय संथ आहे, चुकायला होत नाही. आता डावा हात उघडा आणि अंगठ्याने पेरं मोजा, पण एका बोटाची तीन पेरं खाली खाली अशी मोजू नका, आडवी मोजा: चार बोटांची वरची चार पेरं, मग मधली चार, मग खालची चार. प्रत्येक पेराला चार ठोके. वरची रांग म्हणजे पहिली ओळ, मधली रांग म्हणजे तीच ओळ पुन्हा, खालची रांग म्हणजे नवी ओळ जी पहिल्या दोन ओळींना उत्तर देते किंवा टोला हाणते. रांगेतली पहिली दोन-अडीच पेरं बाई गाते, उरलेल्यात पियानो बोलतो, वीज कडाडल्यासारखा, पाणी चढल्यासारखा. बारा पेरं झाली की परत वर. झालं, एक पेर म्हणजे एक बार, म्हणून याला बारा बारचा ब्लूज म्हणतात आणि यावर हजारो गाणी उभी आहेत.

ज्याला पेटी येते त्याला आणखी एक सांगता येतं. पहिली रांग सा धरून बसते, दुसरी रांग म वर सुरू होऊन सा वर येते, तिसरी प वर चढून उतरत उतरत घरी येते. म्हणजे दुसऱ्या ओळीचे शब्द तेच असले तरी पायाखालची जमीन बदललेली असते, म्हणून तीच ओळ दुसऱ्यांदा जास्त लागते. आणि गांधार कुठला म्हणाल तर कोमल आणि शुद्ध याच्या मधला, घसरता, कधी इकडे कधी तिकडे. जोग राग ऐकलेल्या माणसाला दोन गांधारांची ही ओढाताण समजावून सांगावी लागत नाही. पियानोवर मधला सूर नसतोच ना, म्हणून पियानोवाले दोन पट्ट्या एकदम दाबून तो भास आणतात.

फक्त हे शिकवल्यावर लगेच जॉन ली हूकर लावू नका. त्याचं १९४८ चं 'बूगी चिलन' म्हणजे एक गिटार, एक आवाज आणि जमिनीवर आपटणारा बूट, कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारा सुरांचा गुच्छ, जवळजवळ एकच, बारा-बिरा काही नाही, मनाला येईल तिथे ओळ बदलतो. मोजणारा माणूस वेडा होईल. ते नंतर, मोजणं विसरल्यावर.

पायरी ३: काच-लोखंडाची मींड

आता गिटार ऐकवायची, आणि इथे आवाज चांगला हवा, म्हणून मडी वॉटर्सचा १९६४ चा 'फोक सिंगर' अल्बम. विजेच्या गिटारीने प्रसिद्ध झालेल्या मडीला कंपनीने साध्या गिटारी देऊन बसवलं, विली डिक्सनचा मोठा बास, आणि दुसऱ्या गिटारीवर विशीतला बडी गाय, जो पुढे २०११ मध्ये वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत महिंद्रा ब्लूज फेस्टिव्हलच्या पहिल्याच वर्षी वाजवून गेला. 'माय होम इज इन द डेल्टा' लावा. खोलीत शांतता असू द्या, पंखा बंद केला तरी चालेल, कारण या रेकॉर्डिंगमध्ये शांतताही ऐकू येते. मडी ओळ म्हणतो, थांबतो, आणि स्लाइड, म्हणजे बोटात घातलेली नळी, तारेवरून सरकत तीच ओळ शब्दांशिवाय म्हणते. मींड आहे सरळसरळ. आपल्याकडे विचित्रवीणावाले काचेचा गोळा फिरवतात, तिकडे कोणी बाटलीची मान कापून बोटात घालतं, कोणी सुरी धरतं.

हे ऐकून माणूस जरा हलला, पुढे सरकून बसला, तर ताबडतोब पुढचं. हलला नाही तर तो दिवस तिथेच संपवा.

पुढचं म्हणजे ब्लाइंड विली जॉन्सनचं 'डार्क वॉज द नाइट, कोल्ड वॉज द ग्राउंड'. डिसेंबर १९२७, डॅलस. खरं तर हा धार्मिक गाणी गाणारा माणूस, स्वतःला ब्लूजवाला म्हणवून घेतलं नसतं त्याने, पण ही गिटार वगळून ब्लूज समजत नाही. शब्द नाहीत. येशूला पकडून नेलं त्या रात्रीचं हे गाणं, मूळ स्तोत्रात शब्द आहेत, हा माणूस ते टाकून देतो आणि नुसता कण्हतो, गुणगुणतो, आणि गिटार त्याच्या अर्धा श्वास पुढे किंवा अर्धा श्वास मागे तेच करते. सव्वातीन मिनिटं. कुठे गळा संपतो आणि कुठे तार सुरू होते हे दोन-तीन ठिकाणी मला अजून कळत नाही.

आणि हे ऐकवायच्या आधी, मराठी माणसाला तर नक्कीच, केसरबाई केरकरांची भैरवी लावा, 'जात कहाँ हो'. मी उगाच जोडतोय असं नाही. १९७७ मध्ये नासाने व्हॉयेजर यानांवर जी सोन्याची तबकडी पाठवली तिच्यात ही दोन गाणी आहेतच, आणि पाठोपाठ आहेत, आधी गोव्यातल्या केरीच्या केसरबाई, लगेच टेक्सासचा आंधळा विली. विली १९४५ लाच गेला होता, केसरबाई व्हॉयेजर १ उडाल्यावर अकरा दिवसांनी गेल्या. दोघांची गाणी आता ताऱ्यांमधल्या अवकाशात आहेत, एकमेकांना खेटून. मी आधी दोन्ही गाणी लावतो आणि मग हे सांगतो, उलट केलं तर लोक गाण्याऐवजी यानाबद्दलच विचारत बसतात, अनुभव आहे.

पायरी ४: एक पूर, तीन गाणी

इथपर्यंत आलेला माणूस आता खरखर सहन करतो. पण खरखरीत शिरायला काहीतरी कारण द्यावं लागतं, आणि माझं लाडकं कारण म्हणजे १९२७ चा मिसिसिपीचा महापूर. एप्रिलमध्ये बांध फुटले, सहा लाखांहून जास्त लोक बेघर झाले, आणि ग्रीनव्हिल गावात तर गोऱ्यांना बोटींनी हलवलं आणि काळ्या लोकांना बांधावरच ठेवून घेतलं, कारण ते गेले तर कापूस कोण वेचणार.

आधी परत 'बॅकवॉटर ब्लूज'. गंमत म्हणजे हे रेकॉर्ड झालं फेब्रुवारीत, महापुराच्या आधी, ते बहुधा नॅशव्हिलच्या आदल्या नाताळच्या पुरावरचं आहे, पण तबकडी दुकानात असताना खरा पूर आला आणि गाणं लोकांचंच झालं. मग मिनी आणि जोचं 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स', लेव्ही म्हणजे तोच बांध. आणि तिसरं, चार्ली पॅटनचं 'हाय वॉटर एव्हरीव्हेअर', १९२९, दोन भागांत, कारण तबकडीच्या एका बाजूला तीन मिनिटंच मावायची आणि पॅटनचा पूर तीन मिनिटांत मावेना. गिटारच्या पोटावर थापा मारतो, गावांची नावं घेत सुटतो, ग्रीनव्हिल, लीलँड, रोझडेल, म्हणजे सांगतोय की इथे जाऊ म्हटलं तिथेही पाणी. त्याचा आवाज वाळू आणि दगड दळल्यासारखा आहे, निम्मे शब्द अमेरिकन लोकांनाही लागत नाहीत, आणि ज्या पॅरामाउंट कंपनीने हे काढलं ती विस्कॉन्सिनच्या एका खुर्च्या-फर्निचर बनवणाऱ्या कारखान्याची होती, तबकड्यांचा माल इतका हलका की नवी असतानाच खरखरायची. हेच गाणं माझ्या त्या पहिल्या प्लेलिस्टमध्ये होतं. पूर माहीत नसताना ते गोंधळ वाटतं. बेसी आणि मिनीच्या पाठून ऐकलं की तोच गोंधळ कळायला लागतो, कारण पुरात माणूस असाच बोलेल ना.

खरखरीचं काय करायचं

थोडं टेक्निकल, पटकन. जुन्या तबकड्या इअरफोनवर ऐकवू नका, खरखर थेट कानात जाते आणि डोकं उठतं, खोलीत बरा स्पीकर ठेवा, आवाज मध्यम, चार-पाच फुटांवर बसा, मिनिटभरात कान खरखर बाजूला काढतो. एकाच गाण्याचे यूट्यूबवर दहा अपलोड असतात, त्यातले सगळ्यात "स्वच्छ" केलेले बरेचदा सगळ्यात वाईट, खरखरीबरोबर गिटारचं वरचं सगळं खरवडून टाकलेलं असतं आणि वर घुमारा लावलेला, विहिरीत बसून गातोय असा. थोडी खरखर असलेलं, पण तारेवर नख लागलेलं ऐकू येणारं घ्या. आणि साल तपासा, साल! सन हाउस, स्किप जेम्स, जॉन हर्ट या तिघांनीही तीच गाणी तरुणपणी आणि म्हातारपणी दोन्हीदा रेकॉर्ड केलीत, आणि अॅपवर नुसतं नाव दिसतं. स्किप जेम्सचं १९३१ चं 'डेव्हिल गॉट माय वुमन' आणि साठच्या दशकातलं तेच गाणं यात तीस-पस्तीस वर्षांचं आयुष्य आहे, पाठोपाठ ऐकवा, काही बोलावं लागत नाही.

पायरी ५: रॉबर्ट जॉन्सन आणि तो सैतान

याला मुद्दाम इतक्या खाली ठेवलंय. लोक सुरुवातच इथून करतात कारण गोष्ट भारी आहे, मध्यरात्री चौरस्त्यावर सैतानाला आत्मा विकला आणि गिटार शिकून आला, सत्तावीस वर्षांचा होऊन मेला. मग ऐकणारा गाण्यात सैतान शोधत बसतो. मुळात चौरस्त्याची ही फुशारकी टॉमी जॉन्सन या वेगळ्याच गायकाच्या नावावर होती, नात्यागोत्याचा संबंध नाही, आणि रॉबर्टच्या 'क्रॉस रोड ब्लूज'मध्ये कसला सौदाबिदा नाही. चौरस्त्यावर एक माणूस गुडघे टेकून देवाला विनवतोय, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांना हात करतोय, कोणी थांबत नाही आणि दिवस मावळतोय. १९३६ च्या दक्षिणेत काळ्या माणसाने अंधार पडल्यावर अनोळखी रस्त्यावर एकटं असणं म्हणजे काय, हे कळलं की सैतानाची गरजच उरत नाही.

त्याची एकूण गाणी एकोणतीस, १९३६ चा नोव्हेंबर सॅन अँटोनिओला आणि १९३७ चा जून डॅलसला, बस. त्यातलं पहिलं लावायचं ते 'कम ऑन इन माय किचन', संथ लयीतलं रेकॉर्डिंग. त्यात मध्येच तो गाणं थांबवून कुजबुजतो, वारा कसा घोंघावतोय ऐकलंस का, आणि स्लाइडने एकाच तारेवर वारा वाजवून दाखवतो. पाहुण्याकडे बघा त्या क्षणी. मी ज्यांना ज्यांना ऐकवलं त्यातल्या निम्म्यांनी तरी तिथे खिडकीकडे पाहिलंय.

पायरी ६: आता वीज जोडा

इथे पटापट जाता येतं कारण आता सगळं ओळखीचं वाटतं. डेल्टातले, म्हणजे मिसिसिपीतल्या कापसाच्या सपाट पट्ट्यातले लोक इलिनॉय सेंट्रल रेल्वेच्या गाडीत बसून शिकागोला गेले, कारखान्यात लागले, गजबजलेल्या बारमध्ये साधी गिटार ऐकू येईना म्हणून तिला वीज लावली. मडी स्वतः १९४३ ला गेला. त्याचं 'हूची कूची मॅन', १९५४, गाणं विली डिक्सनचं, एल्मोर जेम्सचं 'डस्ट माय ब्रूम', आणि हाउलिंग वुल्फचं १९५६ चं 'स्मोकस्टॅक लाइटनिंग', जे एकाच कॉर्डवर घुमत राहतं आणि मध्ये मध्ये तो अक्षरशः लांडग्यासारखा हेल काढतो. तानपुऱ्याची सवय असलेल्यांना हे एका सुरावरचं घुमणं लगेच भावतं, रॉकवाल्यांना उलट पहिल्यांदा कंटाळवाणं वाटतं.

इथेच एक सूचना: गाणी कुणापुढे लावताय ते बघा. ब्लूजमध्ये चावटपणा भरपूर आहे, बो कार्टरची तर फळांच्या टोपलीपासून सगळं काही सुचवणारी गाणी आहेत, चौकटीबाहेरच्या लावणीसारखी, समजलं तर समजलं. ते चालतं. पण काही गाण्यांत बायकोला मारण्या-झोडण्याचं, पिस्तुलाचं बोलणं सरळ सरळ आहे, आणि ते "त्या काळी असायचं" म्हणून उडवून लावू नका, समोरच्याने विचारलं तर मान्य करा. आणि मग मा रेनी, बेसी, मिनी यांना जास्त ऐकवा, त्या बायका त्याच वेळी त्याच बाजारात उलट उत्तरं देत होत्या.

शेवटी, आणि अगदीच शेवटी, सन हाउसचं 'ग्रिनिन इन युअर फेस', १९६५. गिटार नाही, काहीच नाही, साठी ओलांडलेला माणूस, त्याचा गळा आणि टाळ्या. टाळ्याही धड तालात पडत नाहीत. लोक तोंडावर हसतील आणि पाठीमागे बोलतील, मनाला लावून घेऊ नकोस, एवढंच आहे गाण्यात. हे पहिल्या दिवशी लावलं तर समोरचा म्हणेल "हे काय?" महिन्याभराने लावलं तर काहीच म्हणत नाही.

एवढं झालं की आपलं काम थांबवा. लिंका पाठवणं बंद करा, "ते ऐकलंस का" विचारणं बंद करा. माझ्या भाच्याला दोन वर्षांनी मी परत या क्रमाने ऐकवलं, झेपलिनपासून, एका पावसाळ्यात चार रविवार, आणि मग जिभेला गाठ मारून गप्प बसलो. तीन-चार महिन्यांनी रात्री दीड वाजता फोन वाजला, त्याचा मेसेज, गीशी वायलीचं 'लास्ट काइंड वर्ड्स ब्लूज', १९३०, पॅरामाउंटचंच, भजी मनसोक्त तळली जातायत, आणि खाली लिहिलं होतं, "मामा हे ऐकलंयस का? जबरदस्त आहे, आत्ताच सापडलं." त्या बेचाळीसमध्ये ते सातवं होतं. मी लिहिलं, नाही रे, थांब, लावतो.